गाडी बंद का पडली? पद्मिनी, ओलं फडकं आणि निदानाचा इतिहास

माझ्या पीएचडीचा विषय कोणी विचारला की मी एका दमात सांगून टाकते, "विसाव्या शतकातल्या मुंबईतली मोटार दुरुस्ती." पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे गॅरेजं? त्यात इतिहास कसला आलाय?" घरच्यांनी विचारून झालंय, मित्रमैत्रिणींनी विचारून झालंय. मागच्या महिन्यात माझ्या गाइडनीही जरा वेगळ्या शब्दांत तेच विचारलं : "तुझा पुरावा काय आहे?" आज या दोन्ही प्रश्नांचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. सुरुवात एका बंद पडलेल्या गाडीपासून.

कसाऱ्याच्या घाटात

माझ्या मामाकडे १९८४ची प्रीमियर पद्मिनी होती. दर मे महिन्यात आम्ही ठाण्याहून नाशिकला त्या गाडीने जायचो, आणि दर मे महिन्यात ती कसाऱ्याच्या घाटात बंद पडायची. आधी दोन आचके, मग पिकअप जायचा, मग शांतता. मामा बॉनेट उघडायचा, पाण्यात भिजवलेलं फडकं पेट्रोल पंपावर टाकायचा आणि म्हणायचा, "एअर लॉक झालाय, वीस मिनिटं थांबा." आम्ही करवंदं खायचो. वीस मिनिटांनी गाडी खरंच सुरू व्हायची. मामाचं निदान बरोबर असल्याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

असं तीन उन्हाळे चाललं. मधल्या काळात दोनदा पंप बदलून झाला. चौथ्या वर्षी घाटात थांबलेलो असताना मागून आलेल्या एका टेम्पोतून एक मेकॅनिक उतरला. त्याने आधी कारबोरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढला. आत पेट्रोलची पिचकारी उडाली. मग त्याने कॉइलकडून येणारी जाड वायर डेल्कोतून उपसली, तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून थोडं दूर धरलं आणि मामाला सेल मारायला सांगितला. ठिणगी आली, पण पिवळी आणि मेलेली. त्याने पंपावरचं फडकं उचलून कॉइलवर गुंडाळलं आणि वरून पाणी ओतलं. पाच मिनिटांत गाडी सुरू!

"पंपाला काय झालेलं नाय साहेब. कॉइल गरम झाली की मरते तुमची."

तेच फडकं होतं, तेच पाणी होतं. फक्त जागा बदलली होती. पण त्या जागेतच सगळी गंमत आहे, आणि माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्या जागेवर उभं आहे.

पेट्रोल की करंट?

आधी तांत्रिक भाग सोपा करून सांगते. जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन चालायला हवेत नीट मिसळलेलं पेट्रोल लागतं आणि ते पेटवायला योग्य वेळी ठिणगी लागते. सिलिंडरमध्ये दाब (मेकॅनिकच्या भाषेत 'कॉम्प्रेशन') असावाच लागतो, पण तो एका दिवसात जात नाही. त्यामुळे चालती गाडी अचानक थांबली की पहिला प्रश्न एकच : पेट्रोल गेलं की करंट गेला?

मामाची पंचाईत अशी की कडक उन्हात आणि चढावर दोन्ही गोष्टी जाऊ शकतात. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला आणि इंजिनच्याच गतीवर चालणारा. तो खूप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी बनवलेला असतो. वाफ ओढायला लागला की पुढे काहीच जात नाही. आपल्याकडे याला सर्रास 'एअर लॉक' म्हणतात, पण अडकलेली असते ती पेट्रोलची वाफ. दुसरीकडे, कॉइलच्या आतल्या बारीक तारेचं इन्सुलेशन जुनं झालं किंवा एखादा जोड सैल झाला, की थंड असताना ती ठीक चालते आणि तापली की दगा देते. दोन्ही बिघाड गरम झाल्यावर येतात आणि गार झाल्यावर जातात.

म्हणजे वीस मिनिटं थांबल्यावर गाडी सुरू झाली, यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं! थांबल्यावर पंपही गार व्हायचा आणि कॉइलही. मामा दर वर्षी उपाय करत होता, निदान करत नव्हता. मेकॅनिकने गाडी *बंद असतानाच* दोन्ही बाजू तपासल्या, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलली. प्रयोगशाळेत यालाच प्रयोगाचं नियंत्रण म्हणतात. घाटात त्याला कोणी काही म्हणत नाही, म्हणून तर त्याचा इतिहास लिहिला जात नाही.

एकच गाडी, चाळीसेक वर्षं

हा क्रम आला कुठून? या मेकॅनिकांपैकी बहुतेक जण शाळा अर्ध्यात सोडून गॅरेजमध्ये 'पोऱ्या' म्हणून लागलेले. कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल इंग्रजीत, आणि तेही अधिकृत सर्व्हिस स्टेशनच्या कपाटात. मला भेटलेल्यांपैकी फार थोड्यांनी ते उघडून पाहिलं होतं. मग हे ज्ञान जमलं कसं?

याचं उत्तर गॅरेजच्या बाहेर, देशाच्या औद्योगिक धोरणात सापडतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या आणि ट्रक जोडले जात. पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार होऊन फियाट ११०० आली. त्याच सुमारास सरकारने ठरवलं की नुसती जोडणी नको, देशात उत्पादन करायची योजना असेल त्यांनीच राहावं. त्यामुळे मुंबईत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. पुढची जवळजवळ तीस वर्षं भारतीय ग्राहकापुढे प्रामुख्याने तीनच नावं होती : कलकत्त्याजवळची हिंदुस्तान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड.

इटलीत फियाट ११००चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं. आपल्याकडे तीच गाडी १९७४ पासून 'पद्मिनी' नावाने, साधारण त्याच १०८९ सीसीच्या, चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनवर, विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली. (नाव बदललं तरी लोक शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले.)

परवाना राज म्हटलं की आपण रांगा, टंचाई आणि मक्तेदारी आठवतो, आणि ते खरंच आहे. माझा मुद्दा त्याला जोडून आहे. गाडी बदलत नव्हती, म्हणून तिच्याबद्दलचं ज्ञान साचत गेलं. १९६५ साली उस्तादाने पोऱ्याला दाखवलेली खूण १९९५ सालीही तितकीच उपयोगी होती. आयातीवर बंधनं, सुटे भाग महाग किंवा दुर्मिळ, त्यामुळे 'बदलून बघू' हा मार्ग परवडणारा नव्हता. भाग बदलण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे कळणं भाग होतं. टॅक्सीवाल्याच्या बाबतीत तर जास्तच, कारण गाडी जितके तास उभी तितकी त्या दिवसाची कमाई बुडाली.

तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांचा नको, वापराचा आणि देखभालीचा लिहा, असं डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या पुस्तकात आग्रहाने मांडलं. फियाट ११०० हे त्याचं ठळक उदाहरण आहे. शोधाच्या इतिहासात तिचं पान १९५३ साली उघडतं आणि १९६९ साली मिटतं. वापराच्या इतिहासात तिची खरी गोष्ट त्यानंतरची आहे, आणि ती कुर्ल्यात घडते.

डेल्को नावाचा पुरावा

आता गाइडच्या प्रश्नाकडे. लिहिलेलं काही नसेल तर पुरावा काय? माझं पहिलं उत्तर : शब्द.

ठिणगी चारही सिलिंडरांना पाळीपाळीने वाटणाऱ्या भागाला पुस्तकात 'डिस्ट्रिब्यूटर' म्हणतात. मुंबईतला जुना मेकॅनिक त्याला 'डेल्को' म्हणतो. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९०९ साली डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचं झालं 'डेल्को'. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट वापरून ठिणगी पाडायची केटरिंगची पद्धत १९१०च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांवर आली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर चालली. १९१२ साली त्याच कॅडिलॅकवर त्याचा विजेवर चालणारा स्टार्टर आला. त्याआधी समोर हँडल मारावं लागे. म्हणून हा 'सेल्फ स्टार्टर', आणि म्हणून आपला 'सेल्फ'.

पुढे डेल्को जनरल मोटर्सच्या ताब्यात गेली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, आणि तिच्या शेवरोले गाड्यांवर डेल्को-रेमीचा माल असे. कंपनी गेली, शेवरोले गेल्या, पद्मिनीवर दुसऱ्याच कंपन्यांचे भाग आले, पण शब्द राहिला. इटालियन वंशाच्या, कुर्ल्यात बनलेल्या गाडीतल्या एका भागाला अमेरिकन प्रयोगशाळेचं नाव! एका पिढीने दुसऱ्या पिढीला तोंडी शिकवल्याशिवाय हे शक्य नाही. कागदपत्रं नसली तरी ही साखळी होती, हे तो शब्द सांगतो.

दुसरा पुरावा : क्रम

माझं दुसरं उत्तर म्हणजे तपासणीचा क्रम. वेगवेगळ्या गॅरेजांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या मेकॅनिकांना मी एकच प्रश्न विचारते : "पद्मिनी सुरू होत नाही. तुम्ही काय कराल?" उत्तरांचा सांगाडा जवळपास सारखा निघतो.

पहिली गोष्ट, हॉर्न वाजवा किंवा हेडलाइट लावून सेल मारा. लाइट एकदम मंद झाला आणि नुसतं 'कट् कट्' आलं, तर बॅटरी उतरलीय किंवा तिची टोकं गंजलीत. लाइट झगझगीत आहे आणि सेल्फ गप्प, तर दोष सेल्फच्या बाजूला. इथेच एक सुंदर खूण मला एका निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियनने सांगितली. "ताई, सेल मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागली ना, तर समजायचं अर्थिंग गेलं." इंजिन आणि बॉडी जोडणारी जाड पट्टी तुटली किंवा गंजली, की सेल्फचा प्रचंड करंट परतीची वाट शोधतो आणि बिचाऱ्या बारीक केबलमधून जातो. ती तापते.

सेल्फ नीट फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर पेट्रोल की करंट, ही घाटातली परीक्षा. करंट नाही, तर डेल्कोची टोपी उघडायची. आत पॉइंट असतात, म्हणजे उघडझाप करणारी एक जोडी. ती उघडली की कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं आणि १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. या पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पॉइंट काळे पडले असतील तर पॉलिश पेपर मारायचा. पण नवे पॉइंट आठवड्यात पुन्हा जळाले, तर दोषी पॉइंट नाहीत, शेजारचा कंडेन्सर आहे. तो मेला की प्रत्येक उघडझापीला पॉइंटवरच ठिणगी पडते आणि प्लगपर्यंत दमदार करंट जात नाही.

गाडी सुरू होते पण 'मिसिंग' मारते, तर चालू इंजिनवर एकेका प्लगची वायर काढून बघायची. वायर काढल्यावर इंजिन अडखळलं, तर तो सिलिंडर काम करत होता. जिथे काहीच फरक पडत नाही, तिथे रोग. मग तो प्लग खोलून वाचायचा. 'वाचायचा' हा त्यांचाच शब्द. फिकट तपकिरी म्हणजे तब्येत ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओला म्हणजे रिंगा झिजल्या, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन फार तापतंय.

ही यादी कुठल्याही देशातल्या जुन्या गाडीला लागू पडेल. पण तिच्यात मुंबईही आहे. पहिल्या पावसात गाडी बंद पडली तर इथला मेकॅनिक काही तपासण्याआधी डेल्कोची टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसतो, कारण आत दमट हवा साचली की करंट प्लगपर्यंत न जाता टोपीवरूनच पळतो. जुन्या फियाटला डायनामो होता, आणि डायनामो इंजिन संथ असताना जवळपास चार्जिंग देत नाही. इटलीतल्या मोकळ्या रस्त्यावर हे चालून जात असेल. दादरच्या सिग्नलला उभ्या राहणाऱ्या टॅक्सीला ते रोजचं दुखणं होतं. एका टॅक्सीवाल्या काकांनी मला सांगितलं, "सिग्नलला हेडलाइट बंद करायचो, नाहीतर रात्री धक्का." आम्ही ज्याला बेशिस्त समजत होतो, ते बॅटरीचं अंदाजपत्रक होतं!

मग काय बदललं?

२०००च्या आसपास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर मुंबईतल्या टॅक्सी झपाट्याने सीएनजीवर आल्या, आणि हा क्रमच हलला. गॅसला वाफ होण्याची भीती नाही, म्हणजे ओल्या फडक्याची अर्धी गोष्ट संपली. पण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. पेट्रोलवर जेमतेम निभावणारी कॉइल, चिरलेल्या वायरी, झिजलेले प्लग, सगळं सीएनजीवर उघडं पडलं. एक मेकॅनिक म्हणाले, "गॅस आला आणि आमचं पेट्रोलचं काम गेलं, पण करंटचं दुप्पट झालं."

त्याच काळात नव्या गाड्यांमधून कारबोरेटर आणि पॉइंट दोन्ही गेले. इंधन आणि ठिणगी कॉम्प्युटर ठरवू लागला आणि बिघाडाची नोंदही तोच ठेवू लागला. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना अशी ठरावीक निदानव्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडे ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. स्कॅनर लावला की कोड मिळतो.

इथे हळहळणं सोपं आहे, आणि मला ते टाळायचंय. श्टेफान क्रेब्स या इतिहासकाराने जर्मनीबद्दल दाखवलंय की गाडीचा आवाज ऐकून दोष ओळखणं हे तिथे आधी चालकांचंही काम होतं. मेकॅनिकांनी ते हळूहळू आपल्या पेशाची खास विद्या म्हणून मांडलं, आणि चालकाच्या कानाची किंमत कमी झाली. म्हणजे निदान कोणी करायचं, हा प्रश्न नेहमीच अधिकाराचा होता. माझ्या मामाचे दोन पंप फुकट बदलले गेले तेही एका गॅरेजमध्येच, कोणीतरी ठिणगी न तपासता. जुने मेकॅनिक सगळे जादूगार नव्हते. चुकीचं निदान करून पैसे घेणारे तेव्हाही होते, आणि त्यांच्या चुकांची नोंद तर कुठेच नाही.

आणि स्कॅनरही निदान करत नाही, हे मला आजच्या गॅरेजमध्ये बसून कळलं. 'दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर' एवढं तो सांगतो. प्लग की कॉइल की इंजेक्टर की वायर, हे माणसालाच शोधावं लागतं. तिथला तिशीतला मेकॅनिक काय करतो? दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावतो आणि बघतो, कोड तिकडे सरकतो का. फडकं पंपावरून कॉइलवर नेण्याचीच ही पद्धत! एका वेळी एकच बदल. त्याने ती कोणाकडून शिकली विचारलं, तर म्हणाला, "उस्तादांकडून. ते फियाटचे मेकॅनिक होते."

घाई का आहे

मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तेव्हा बातम्या आल्या, लोकांनी फोटो काढले. गाडी संग्रहालयात ठेवता येते. पण चोकची केबल गरम लागली तर अर्थिंग बघ, हे ठेवायला काच नाही. ज्यांच्या बोटांत ते आहे, ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. मी ज्यांच्याशी बोलायला सुरुवात केली होती, त्यांतले दोघे मुलाखत पूर्ण होण्याआधीच गेले. एकाची वही माझ्याकडे आहे. त्यात टॅक्सीचे नंबर, 'कंडेन्सर', 'पॉइंट' आणि रक्कम, एवढंच. कंडेन्सर का बदलला, हे त्यात नाही. ते त्यांना विचारायचं होतं.

म्हणून एक विनंती. घरात जुनी फियाट किंवा पद्मिनी असेल, तर तिची बिलं, सर्व्हिसची पुस्तिका, गॅरेजची वही फेकू नका. आणि तुमच्या ओळखीत कोणी जुने मेकॅनिक, ऑटो इलेक्ट्रिशियन किंवा टॅक्सीवाले असतील, तर मला कळवाच. पण त्याआधी तुम्हीही त्यांच्याजवळ बसा आणि एवढंच विचारा : "गाडी सुरू होत नाही. पहिल्यांदा काय बघाल?"

मामाची पद्मिनी विकून आता बरीच वर्षं झाली. ही पोस्ट लिहिण्याआधी मी त्याला फोन करून कॉइलची गोष्ट नीट विचारून घेतली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "पण काही म्हण, त्या दिवशी थोडा एअर लॉकही होताच."